कोपीबाहेरचा दगड

सहावा दगड काही केल्या सापडेना. पाच झटक्यात मिळाले होते. आमच्या रानात दगडांना काय तोटा? पण सहावा कसा असतो ते मला पक्कं ठाऊक होतं. बुटका, एका अंगानं चपटा, मातीत टेकवला की न डुगडुगणारा. माय तसाच निवडायची. मी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेनं वाकून दगड उलटेपालटे करत होतो आणि मंगल, माझी बायको, कालवलेल्या चुन्याची वाटी हातात धरून कोपीपाशी ताटकळली होती.

"आता बास करा की," ती म्हणाली. "लोकं जेवून आडवी व्हतील, तवर तुमचा दगड काय घावायचा न्हाई."

"घावंल. अण्णा यायच्या आत घावला पायजे."

अण्णा माझा थोरला भाऊ. तो आज येणार होता, म्हणून तर मी इतक्या वर्षांनी नांदेडातल्या दुकानात शिलाईची मशीन झाकून देवणीजवळच्या या रानात आलो होतो. भेटायला नव्हे. सूड घ्यायला. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

आज येळवस. आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला लागत नाही, बाहेरच्याला सांगताना मात्र पंचाईत होते. पुस्तकात तिला वेळ अमावस्या म्हणतात. ऐन थंडीत, हरभरा घाट्यांवर आणि जोंधळा हुरड्यावर आला की ती येते. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, लातूरचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे दिसतात, कारण सगळं जग रानात असतं. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोपी उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि मग धुऱ्यावरून जाणाऱ्या कुणालाही, अगदी वैऱ्यालाही, जेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही. ही शेवटची अट नसती तर बरं झालं असतं, असं मला त्या सकाळी फार वाटत होतं.

लहानपणी येळवस आदल्या रात्रीच घरात यायची. ताकात भिजत घातलेल्या जोंधळ्याच्या पिठाचा आंबूस वास, त्यात ठेचलेला लसूण, चुलीवर तुरीचे-वालाचे-हरभऱ्याचे ओले दाणे रटरटत असलेली भज्जी, वाफेवरचे बाजरीचे उंडे. माय चुलीपुढून उठायचीच नाही. तिच्या लुगड्याला त्या वासाचा असा काही थर बसायचा की मी मुद्दाम तिच्या मांडीत तोंड खुपसून पडायचो आणि ती मला पिठाच्या हातानं ढकलायची. सकाळी बा आंबिलीचं बिंदगं, म्हणजे भरलेली घागर, डोक्यावर घ्यायचा, वर घोंगडी. त्याच्यामागं माय, तिच्यामागं अण्णा आणि अण्णाच्या खांद्यावर मी. ओढ्याला पाणी असायचं गुडघाभर, पण मला ओढा मोठा वाटायचा. अण्णाच्या केसांना मी लगामासारखं धरायचो. "उपटतूस का आता समदे?" तो ओरडायचा, पण मला खाली उतरवायचा नाही.

करडईचे काटे पोटऱ्यांना ओरबाडायचे. दव असायचं. कोपीत शिरलं की सुका कडबा, ओला चुना आणि ऊद असा तिन्हींचा मिळून एक वास यायचा, तो मला पुढं आयुष्यात कुठल्याही देवळात मिळाला नाही. बा "ओलगे, ओलगे" म्हणत पिकात आंबील शिंपडत जायचा, मागून आम्ही दोघं गळा फाडून तेच ओरडत. तो शब्द कानडी आहे म्हणतात. आम्हाला अर्थाशी काय करायचं होतं? संध्याकाळी बा जोंधळ्याच्या काडाचा हेंडगा पेटवायचा आणि तो जळता जुडगा घेऊन अण्णा पिकाच्या कडेकडेनं पळायचा. अंधारात नुसता जाळ पळताना दिसायचा. माझा भाऊ त्या जाळाखाली आहे याचा मला केवढा गर्व वाटायचा!

आणि मायचा सहावा दगड. गावात कुणाच्याच कोपीपाशी तो नसायचा. पाच पांडव आत मांडून झाले की ती एक बुटका दगड उचलायची, त्याला चुन्याचं एकच बोट ओढायची आणि कोपीच्या बाहेर, उन्हात ठेवायची.

"पांडव पाच असत्यात," बा दर वर्षी म्हणायचा. "लोकं हसतील."

"सवतीचे धरून कुंतीला सहा व्हते," माय म्हणायची. "थोरला भाइर ऱ्हायला म्हून का त्याला भूक लागत न्हाई?"

कीर्तनात कधीतरी तिनं कर्णाची गोष्ट ऐकली असणार. ती एवढी मनाला लावून घेतली की आंबिलीची पहिली पळी आतल्या पाचांना नाही, बाहेरच्या त्या दगडाला. अण्णानं एकदा विचारलं होतं, आतल्यांच्या आधी बाहेरच्याला का. माय म्हणाली, "आतल्यास्नी वाढायला लई जण हायत रे." तेव्हापासून अण्णा आपला उंडा मोडून अर्धा त्या दगडापुढं ठेवायला लागला. हे मी का सांगतोय, तर अण्णाला सहावा दगड माहीत नव्हता असं कुणी म्हणू नये.

कारण सिनेमात पाचच आहेत.

सिनेमा अण्णाच्या पोरानं काढलाय, नितीननं. पोरगं गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. गेल्या पंधरवड्यात लातुरात त्याचा खास खेळ होता. "तात्या, काकूला घेऊन याच," त्यानं फोनवर सांगितलं. "घर, कुटुंब, भाऊबंदकी, आपल्या मातीतलं सगळं आहे त्यात." मी नवा सदरा शिवला. मंगलनं उमरीला माहेरी फोन करून सांगितलं की पुतण्याचा सिनेमा बघायला चाललोय. खुळे आम्ही.

पडद्यावर आमचंच रान होतं. ओढा होता, धुरा होता, कोपी होती. दोन भाऊ होते आणि एक म्हातारी. खेळ अर्ध्यावर आला तसा मी खुर्चीत सरकून ताठ बसलो. पडद्यावरचा थोरला भाऊ पितळी तांब्यात आंबील घेऊन धुऱ्यावर उभा होता. पलीकडं धाकट्याच्या ताब्यातली म्हातारी आई. आई उठते, हात पुढं करते. आणि धाकटा मधे येतो, तांब्याला हात मारतो. तांब्या सावकाश, अगदी सावकाश गडगडत जातो, काळ्या मातीत पांढरी आंबील सांडते, आणि धाकटा आत जाऊन पाचवा दगड लाथेनं उडवतो. सगळं सभागृह नाक ओढत होतं. माझ्या मागच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "धाकटा लईच हरामखोर निघाला बाई."

मी तिला वळून बघू शकलो नाही. तिला माझं तोंड दिसलं असतं.

खेळ संपल्यावर एक दाढीवाले गृहस्थ माईक घेऊन उठले आणि त्यांनी प्रतीकं समजावून सांगितली. पाच दगड म्हणजे पाच बोटांची मूठ, तांब्या म्हणजे मातृत्व, सांडलेली आंबील म्हणजे आटलेला जिव्हाळा. लाथाडलेला दगड म्हणजे मोडलेलं भ्रातृत्व. त्यांना प्रत्येक वस्तूचा अर्थ ठाऊक होता, फक्त ती वस्तू कुणाच्या हातात होती ते ठाऊक नव्हतं. मग नितीन म्हणाला, "ही माझ्या घरातलीच गोष्ट आहे. माझ्या वडिलांकडून ऐकलेली." टाळ्या. पहिल्या रांगेत अण्णाची पांढरी टोपी उठून उभी राहिली. एका बाईनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं, आणि त्यानं तिला आशीर्वाद दिला.

आम्ही बाजूच्या दारानं निघालो. नांदेडच्या गाडीत मंगल खिडकीबाहेर बघत बसली होती. अहमदपूर मागं पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "तांब्या माझ्या हातात व्हता."

तिच्याच हातात होता. स्टीलचा तांब्या, तिच्या उमरीच्या मामानं लग्नात दिलेला, काठाखाली त्याचं नाव कोरलेला. आम्ही भाऊ का फाटलो ते सांगत बसत नाही. कापड विरलं की कुठूनही फाटतं, शिंप्याला विचारा. बा गेल्यावर वाटण्या झाल्या, धुरा पडला, आणि माय अण्णाच्या वाट्याला गेली. त्यानंतरच्या येळवशीला रानात दोन कोप्या झाल्या, धुऱ्याच्या अलीकडं एक, पलीकडं एक. मंगलनं जन्मात पहिल्यांदा एकटीनं आंबील केली होती. बिघडली की जमली हे सांगणारं माणूस पलीकडं बसलं होतं. म्हणून ती तांब्या भरून धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर.

माय उठली. दोन पावलं आली.

अण्णा मधे आला. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. "माय, तुझी कोपी ही हाय. तिकडं पाय टाकलास, तर परत हिकडं यायचं न्हाई."

माय थांबली. म्हाताऱ्या माणसाला रात्री कुठं निजायचं याचा विचार करावा लागतो. ती परत फिरली, पण कोपीत गेली नाही. बाहेर ठेवलेला तिचा तो बुटका दगड तिनं उचलला आणि आणून धुऱ्यावर ठेवला, चुन्याचं बोट आमच्या बाजूला करून. आंबिलीची पळी त्याच्यावर ओतली. आणि माझ्याकडं बघितलं.

मंगल ऊन उतरेपर्यंत तिथंच उभी होती. मग तिनं तांब्या तुरीच्या बुडात पालथा केला. त्याच उन्हाळ्यात माय गेली. माझ्या घरची आंबील ती कधीच प्याली नाही. मला खांद्याला तेवढं बोलावलं.

पुढच्या वर्षी मी नांदेडला दुकान टाकलं, रान बटईनं कसायला दिलं. येळवशीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी लोकांच्या लग्नाचे ब्लाउज शिवत बसायचो आणि मनातल्या मनात हेंडगा पेटवायचो. किती वेळा तो जळता जुडगा घेऊन मी ओढा ओलांडला आणि अण्णाच्या कडब्याच्या गंजीला लावला, याचा हिशेब नाही. त्याची गंजी भडाभडा पेटायची, तो धोतर सावरत पळायचा, आणि मी धुऱ्यावर उभा राहून म्हणायचो, तुझी कोपी ही हाय, अण्णा. संध्याकाळी शटर पूर्ण ओढून घरी जायचो. भाजी-भाकरी खायचो.

एवढं झालं तरी मी गप्प होतो. घरातलं घरात, असं म्हणत होतो. पण अण्णानं ते पोराकरवी पडद्यावर लावलं. माझ्या मायची तहान त्यानं आपल्या नावावर करून घेतली, आणि तिचा घास मोडणारा म्हणून मला उभं केलं. उद्या माझी नातवंडंसुद्धा हेच बघणार. म्हणून नितीनचा फोन आला, "येळवशीला रानात येतो तात्या, अण्णापण येतो म्हणताहेत," तेव्हा मी म्हणालो, "या. मी कोपी करतो." नायगाव, मुखेड, उदगीर असा सगळा रस्ता मी वाक्यं जुळवत आलो. अशी की एकेक वाक्य मिरचीच्या ठेच्यासारखं लागलं पाहिजे. येळवशीला आजूबाजूच्या सगळ्या रानांत माणसं असतात. मी मोठ्यानं बोलणार होतो.

दगड शेवटी मिळाला, बांधावरच्या बोरीखाली. मी त्याला चुन्याचं एक बोट ओढलं आणि कोपीबाहेर उन्हात ठेवला. आज बाहेर कोण, हे मी ठरवलं होतं.

ते आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नितीन, त्याचे दोन शहरी दोस्त आणि काठी टेकत अण्णा. ओढ्यात आता पाणी नसतं, तरी त्याला उतरायला पोरांनी धरलं होतं. म्हातारा झालाय. मला त्याचं काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण मी ते बाजूला ठेवलं.

"अरे वा, तात्या!" नितीन कोपीभोवती फिरत म्हणाला. मोबाईल काढून फोटो घ्यायला लागला आणि थबकला. "हा बाहेरचा कसला? सहा कशाला?"

"तुज्या बापाला इचार."

अण्णा दगडाकडं बघत उभा राहिला. शेजारच्या रानातली माणसं जेवता जेवता इकडं बघायला लागली होती. माझी वाक्यं ओठांवर आली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंगल कोपीतून बाहेर आली.

मंगल आजवर अण्णाशी एक शब्द बोललेली नव्हती. थोरल्या दिरापुढं बोलायची आमच्यात रीत नाही. पदर पुढं ओढून बाजूनं जायचं. तिनं पदर ओढला नाही. उमरीचा तो तांब्या तिनं आंबिलीनं काठोकाठ भरला होता. सरळ अण्णापुढं जाऊन ती उभी राहिली.

"धरा, भावजी," ती म्हणाली. "कसा धरला व्हता, पोराला दाखवा."

नितीनचा एक दोस्त हसायला गेला आणि गप्प झाला. अण्णानं काठी बगलेत धरली, दोन्ही हात पुढं केले, आणि तांब्याला न लावताच मागं घेतले. पुन्हा पुढं केले. आंबील काही सांडली नाही, तांब्या अजून मंगलच्याच हातात होता.

"अण्णा?" नितीन म्हणाला. "काय चाललंय?"

"तांब्या हिच्या हातात व्हता," अण्णा म्हणाला. पोराकडं न बघता, त्या दगडाकडं बघत. "माय माज्याकडं व्हती. म्या आडिवलं तिला."

"मग सिनेमात..."

"तू लहान व्हतास. बापानं असं केलं, हे लेकराला कसं सांगावं? येकदा उलटं सांगितलं. मग तसंच सांगत ग्येलो."

"आणि हा दगड?"

नितीन खाली बसला, रानातल्या ढेकळांत, चांगल्या कपड्यांत. त्याच्या हातातला मोबाईल बंद झाला होता. शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्यानं, ज्यानं आमची मायही पाहिली होती, घास ताटात ठेवला.

आणि माझी वाक्यं? ती सगळी घशातच राहिली. इतकी वर्षं टोक करून ठेवलेली सुई, आणि शिवायला कापडच उरलं नाही. मला तर अजून राग आला. हे त्यानं मला बोलू द्यायला हवं होतं. मला त्याला उघडं पाडायचं होतं. त्यानं स्वतःच सदरा काढला. आता गंजीला लावायला माझ्या हातात जाळ नव्हता, आणि आत सगळं तसंच धगधगत होतं.

अण्णा काठी टेकत कोपीकडं वळला. पांडवांच्या पाया पडायचं असेल. वाकून आत शिरणार, तर मी दारात आडवा झालो.

"आत न्हाई," मी म्हणालो.

नितीननं मान वर केली. मंगलनंही. अण्णा थांबला. तो परत धुऱ्याकडं निघेल असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, निघाला असता तर मी त्याला जाऊ दिलं असतं, रीत गेली खड्ड्यात. पण तो हलला नाही. उपाशी माणसासारखा उभा राहिला.

"जेवून जा," मी म्हणालो. "पण भाइर बसून."

मी पत्रावळ घेतली आणि सहाव्या दगडापाशी, उन्हात, मातीवर मांडली. अण्णा एक हात काठीवर, एक हात मातीवर टेकत हळूहळू खाली बसला. दगडाच्या शेजारी. दोघांची सावली एकच पडली होती. कडबा, ओला चुना आणि ऊद यांचा वास कोपीतून बाहेर येत होता. हरभऱ्यात वारा फिरत होता, लांब कुठल्यातरी रानातून पोरं "ओलगे, ओलगे" ओरडत होती.

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तो कशाची वाट बघत होता ते मला कळत होतं. जगात दोनच माणसांना ते कळण्यासारखं होतं.

मी पळी घेतली. आधी आतल्या पाचांना दाखवली. मग नितीनला वाढलं, त्याच्या दोस्तांना वाढलं, शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्याला हाक मारून बोलावलं, त्याला वाढलं. मंगलला वाढलं. माझ्या पानात वाढून घेतलं. अण्णाची पत्रावळ रिकामी होती.

माय असती, तर पहिली पळी त्यालाच गेली असती. हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. म्हणून मी त्याला सगळ्यात शेवटी वाढलं.